नोकरी सोडू नकोस, पण त्या नाईटला हो म्हणू नकोस

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय:

"ताई, मी हॉस्पिटलमध्ये ब्लड कलेक्शनला आहे, त्याआधी वॉर्डात अटेंडंट होते. आता मेडिकल लॅब टेक्निशियन व्हायचं मनात आहे. पण नोकरी सोडता येणार नाही, मुलगा लहान आहे आणि घर माझ्याही पगारावर चालतं. एक कोर्स पूर्ण ऑनलाईन आहे, घरबसल्या सर्टिफिकेट देतात म्हणे. दुसरा रेग्युलर, त्यात प्रॅक्टिकल आणि पोस्टिंग भरपूर. आणि आमचे लॅब इनचार्ज म्हणतात कोर्सबिर्स कशाला, मी तुला मशीन शिकवतो, रात्रीचे सीबीसी तू लाव, पगाराचं पण बघू. शाळा सुटून खूप वर्षं झाली, केमिस्ट्री आठवत नाही, गणिताची तर भीतीच वाटते. जमेल का मला? – कलेक्शन काउंटरवरची एक"

ताई म्हणालीस, मग मी तुला तूच म्हणणार.

आधी ते नाईटचं घेते, कारण बाकी सगळं महिनाभर थांबलं तरी चालेल, इनचार्ज मात्र उद्याच परत विचारतील. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या मशीनला ट्यूब लावणं खरंच अवघड नाहीये गं. बारकोड चिकटव, ट्यूब नीट मिक्स कर, रॅकमध्ये ठेव, मिनिटभरात आकडे समोर, आठवडाभरात तुझा हात बसेल. अडचण रात्री दोन वाजता येते. समज एका पेशंटच्या प्लेटलेट आल्या 38000, बाजूला मशीनने फ्लॅग, म्हणजे शंकेची खूण टाकलीय. पेशंटला कुठे ब्लीडिंग नाही, अंगावर ठिपके नाहीत, आणि काल त्याच माणसाच्या होत्या सव्वादोन लाख. आता? रिपोर्ट सोडायचा का ठेवायचा?

शिकलेला टेक्निशियन इथे घाबरत नाही आणि सोडतही नाही. आधी ट्यूब उघडून काडीने बघतो आत गुठळी झालीय का. नसेल तर स्लाईडवर स्मिअर, म्हणजे रक्ताचा पातळ थर ओढतो, स्टेन करतो आणि मायक्रोस्कोपखाली मुद्दाम स्मिअरच्या कडेला, शेपटीकडे जातो, कारण प्लेटलेटचे पुंजके तिकडे ढकलले जातात. काही लोकांच्या रक्तात जांभळ्या ट्यूबमधल्या ईडीटीएमुळेच (रक्त गोठू नये म्हणून असलेलं रसायन) प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, शरीरात काहीच बिघडलेलं नसतं. मशीनमध्ये पेशी एका बारीक छिद्रातून जाते, तेव्हा विजेच्या प्रवाहात अडथळा येतो आणि जेवढी पेशी मोठी तेवढा झटका मोठा (वॉलेस कूल्टरची ही युक्ती, पेटंट 1953 चं, आजही कित्येक मशीन त्यावरच चालतात), मग चिकटून मोठा झालेला पुंजका मशीनला प्लेटलेट वाटतच नाही, ते त्याला मोजतच नाही. म्हणून निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये नवीन सॅम्पल मागवायचं, काउंट लावायचा आणि आलेल्या आकड्याला 1.1 ने गुणायचं, कारण सायट्रेट (हे पण रक्त गोठू न देणारंच) द्रव असतं, त्याने रक्त दहा टक्के पातळ होतं.

यातलं तुला इनचार्ज रात्री दोनला शिकवायला येणार आहेत का? ते घरी झोपलेले असणार. आणि त्या 38000 वर कुणी प्लेटलेट चढवल्या किंवा सकाळचं ऑपरेशन पुढे ढकललं तर दुसऱ्या दिवशी विचारणार रिपोर्ट कुणी सोडला. सिस्टिममध्ये नाव इनचार्जचं, कारण लॉगिन त्यांचं दिलेलं, आणि प्रत्यक्ष हात तुझा, ज्याच्याकडे ना डिप्लोमा ना रजिस्ट्रेशन. अशा वेळी सगळे कसे पटापट बाजूला होतात ते मी जवळून बघितलंय, तुझ्यासारखीच एक मुलगी एकटी पडली होती.

नाही म्हणायला जड जातं, माहितीये, रोज तोंड बघायचं असतं. म्हणून भांडू नकोस, असं म्हण: "सर, शिकायला मी नक्की येते, तुम्ही किंवा कुणी टेक्निशियन शेजारी असेल तेव्हा लावते पण, फक्त रिपोर्ट मी सोडणार नाही आणि तुमचं लॉगिन मला नको." यात तू त्यांचा मान पण ठेवलास आणि शिकायची सोय पण करून घेतलीस. माणूस चांगला असेल तर त्याला हे पटेलच, आणि नाही पटलं तर त्यातच काय ते समजून घे.

आता ऑनलाईनवाला कोर्स. मला थिअरी ऑनलाईन असण्यावर काहीच आक्षेप नाही, उलट नोकरी करणाऱ्याला रात्री लेक्चर परत लावून ऐकता येतं हे बरंच. पण पूर्ण ऑनलाईन, म्हणजे बेंचवर एकदाही उभं न राहता टेक्निशियन, हे मला पटत नाही. ग्रॅम स्टेनचंच घे, म्हणजे बॅक्टेरिया रंगवून त्यांचा गट ओळखायचा. 1884 साली हान्स क्रिश्चन ग्रॅमने काढलेली पद्धत, आता त्यात चार बाटल्या: क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, मग अल्कोहोल किंवा ॲसिटोन, शेवटी सॅफ्रानिन. व्हिडिओत दोन मिनिटांत होतं. पण सगळा खेळ तिसऱ्या बाटलीत आहे. स्लाईड तिरकी धरून थेंब थेंब सोडत राहायचं आणि खाली ओघळणारं पाणी जांभळं यायचं थांबलं की लग्गेच धुवायचं. दोन-चार सेकंद जास्त झाली तर जे बॅक्टेरिया जांभळे राहायला हवेत ते पण रंग सोडून गुलाबी दिसायला लागतात, आणि स्मिअर जाड झाला असेल तर उलटं, गुलाबी दिसायला हवेत ते जांभळेच राहतात. डॉक्टर त्या रंगावर सुरुवातीचं अँटिबायोटिक ठरवणार असतात. ही सेकंदं हाताला कळावी लागतात, कितीही वेळा पॉज करून बघितलं तरी कळत नाहीत.

म्हणून कोर्स निवडताना फी आणि टायमिंगच्या आधी काही गोष्टी विचार. ज्या ठिकाणी तुला पुढे काम करायचंय तिथल्या रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स देणाऱ्या संस्थेच्या यादीत हा कोर्स आहे का, हे संस्थेच्या ऑफिसला नाही, त्या यादी ठेवणाऱ्यांनाच विचार. प्रॅक्टिकलला एका मायक्रोस्कोपमागे किती जण असतात? पोस्टिंग, म्हणजे लॅबमधलं प्रत्यक्ष ट्रेनिंग कुठे, आणि हिमॅटॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, ब्लड बँक, युरिन-स्टूल अशा प्रत्येक सेक्शनला किती तास लागतात? लॉगबुकवर सही कोण करतं? उत्तर देताना समोरचा जर "ते सगळं होऊन जातं हो" म्हणाला तर पर्स उचल आणि निघ. डिप्लोमा आणि डिग्रीचा फरक पण तेव्हाच नीट विचारून घे, कुठल्या पायरीवर कोणतं काम करायची परवानगी आहे आणि डिप्लोमानंतर डिग्रीला थेट वरच्या वर्षाला घेतात का, म्हणजे चार वर्षांनी परत पहिल्यापासून नको.

तुझ्या हॉस्पिटलची लॅब पोस्टिंगला धरतात का हे पण विचार. काही ठिकाणी धरतात, आणि तसं झालं तर तुझे खूप हाल वाचतील. पण इथे एक खड्डा आहे, तो कुणी आधी सांगत नाही, आणि तुझ्यासारखीलाच त्यात पडायची भीती जास्त. तुला शिरा सापडतात. अवघड पेशंट, लहान बाळ, सगळे तुलाच हाक मारत असणार. तू पोस्टिंगला म्हणून लॅबमध्ये गेलीस की पहिल्याच दिवशी काउंटरवरून फोन येणार, "जरा पाच मिनिटं ये ना, शीर मिळत नाहीये." पाच मिनिटांचा होणार तास, तासाची होणार सकाळ, आणि महिन्याच्या शेवटी तुझ्या लॉगबुकात कलेक्शनच्या ओळी शंभर आणि कल्चर प्लेट बघितल्याच्या तीन. कुणाचा वाईट हेतू नसतो, माणसं कमी असतात म्हणून होतं हे. उपाय एकच, ड्युटीचे तास आणि ट्रेनिंगचे तास वेगळे लिहून घे, ट्रेनिंगच्या वेळी युनिफॉर्म किंवा बॅज वेगळा मिळत असेल तर तो घाल, आणि रोजच्या रोज सही घे, आठवड्याची एकदम नको. लाजू नकोस यात.

शिफ्टचं बोलूया. नोकरी चालू ठेव, मी त्याच बाजूची आहे, पण फुल टाईम अधिक फिरती नाईट अधिक रेग्युलर कोर्स हे तिन्ही एकत्र फार दिवस चालत नाही, पहिलं सेमिस्टर जोशात जातं आणि दुसऱ्यात माणूस आजारी पडतो. त्यामुळे ॲडमिशनच्या आधी नर्सिंग सुपरिंटेंडंट किंवा एचआर, ज्यांच्या हातात तुझं रोस्टर आहे त्यांच्याकडे कोर्सचं टाईमटेबल घेऊन जा आणि फिक्स शिफ्ट माग, लेखी. परीक्षेची रजा, पोस्टिंगचे महिने, सगळं आधी सांग. तोंडी "बघू की" यावर फी भरू नकोस. फिक्स शिफ्ट नाहीच मिळाली तर निदान नाईटच्या दुसऱ्या सकाळी प्रॅक्टिकल नको एवढं तरी मिळव, झोप नसलेल्या डोळ्यांनी सुया, काचा आणि ॲसिड हाताळायचं नसतं. तास कमी करून थोडा कमी पगार घ्यायची मुभा असेल तर त्याचा हिशोब घरच्यांना बरोबर घेऊन कर, एकटीने मनात करू नकोस.

जमेल का म्हणून विचारलंस ना. तुला वाटतंय की तू शून्यापासून सुरू करतेयस, मला तसं नाही वाटत. लॅबच्या रिपोर्टमध्ये होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याचशा मशीनपर्यंत सॅम्पल पोचायच्या आधीच झालेल्या असतात, नाव चुकलं, ट्यूब चुकली, कमी भरली, उशीर झाला, हेमोलाईज झालं म्हणजे रक्तपेशी फुटल्या. कॉलेजातून थेट येणाऱ्या मुलांनी हे पुस्तकात वाचलेलं असतं, तू रोज त्यातच उभी असतेस. फक्त त्यामागचं कारण तुला कुणी सांगितलेलं नाही.

उदाहरण देते. बायोकेमिस्ट्रीत एक सीरम आलं, पोटॅशियम 12, कॅल्शियम जवळपास नाहीच. पोटॅशियम खरंच 12 असेल तर माणूस जिवंत राहणं कठीण, आणि वॉर्डात फोन केला तर पेशंट बेडवर बसून मोबाईल बघतोय. मशीन बरोबर, कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेलं तपासणीचं सॅम्पल) बरोबर. मग काय झालं? लाल ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून कुणीतरी जांभळ्या ट्यूबमधलं थोडं त्यात ओतलं. जांभळ्यात असतं पोटॅशियमचं ईडीटीए, म्हणजे पोटॅशियम आपणच घातलं, आणि ईडीटीएचं कामच कॅल्शियम धरून ठेवणं, म्हणून तर त्यात रक्त गोठत नाही. तुला जो क्रम पाठ करायला लावलाय, आधी ब्लड कल्चर, मग निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी करडी, त्यात लाल आधी आणि जांभळी नंतर का, ते हेच. निळी ट्यूब खुणेपर्यंत भरा म्हणून लॅबवाले का ओरडतात? तिथे रक्ताचे नऊ भाग आणि सायट्रेटचा एक भाग असं प्रमाण असतं, रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं आणि पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या टेस्ट) उगाच लांबलेले येतात, मग रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस त्यावरून चुकायचा. करडीतलं फ्लोराईड रक्तपेशींचं साखर खाणं थांबवतं, साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच पडून राहिलं तर तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर पेशीच फस्त करतात.

बघ, केमिस्ट्रीच झाली की ही. तू म्हणतेस आठवत नाही.

म्हणून अभ्यासाला शाळेचं पुस्तक काढून पहिल्या धड्यापासून बसू नकोस, वैताग येईल. एक आठवडा एकच ट्यूब घे. जांभळी घेतलीस तर आत काय आहे, किती वेळा उलटसुलट करायची, जोरात हलवली तर काय होतं, त्यावर कुठल्या टेस्ट लागतात, हिमोग्लोबिन कसं मोजतात, ड्युटीवर हातात आली की मनात उजळणी. मोबाईलमध्ये नोट्स ठेवायच्या तर खुशाल ठेव, पण पेशंटचं नाव दिसणारा रिपोर्ट किंवा लेबल फोटोत येता कामा नये, "फक्त अभ्यासाला" म्हणून पण नाही. रिजेक्ट झालेल्या सॅम्पलचं रजिस्टर लॅबमध्ये असतं, परवानगी घेऊन ते वाच, त्यासारखं पुस्तक नाही.

गणिताचं सांगते, लागतं पण थोडंच, आणि तेच तेच. गुणाकार, भागाकार, टक्के, डायल्युशन म्हणजे किती पट पातळ केलं ते, सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (एसडी), म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते. न्यूबॉअर चेंबरवर, म्हणजे चौकोन आखलेल्या काचेवर डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) मोजायला लावतील, त्यात सगळे 50 ने गुणतात आणि का ते विचारलं की गप्प. कोपऱ्यातले चार मोठे चौकोन, प्रत्येक एक चौरस मिलिमीटरचा, खोली 0.1 मिलिमीटर, म्हणजे चौघांचं मिळून 0.4 घन मिलिमीटर. रक्त 20 पट पातळ केलेलं. मग 20 भागिले 0.4, झाले 50. चार चौकोनांत 140 पेशी मोजल्यास तर 140 गुणिले 50, म्हणजे 7000. एवढंच. हे एकदा स्वतः कागदावर मांडलंस की भीती निम्मी जाते.

स्टँडर्ड डेव्हिएशन मात्र नीट शिक, त्यात कंटाळा करू नकोस, कारण रोज सकाळी कंट्रोल लावून त्याच्या आकड्याचा ठिपका लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर, म्हणजे सरासरी आणि एसडीच्या रेषा आखलेल्या तक्त्यावर टाकायचा असतो आणि त्या दिवसाचे रिपोर्ट सोडायचे की नाही हे त्यावर ठरतं. सगळं ठीक असलं तरी साधारण वीसात एखादा ठिपका 2 एसडीच्या बाहेर जातोच, ती धोक्याची सूचना समजायची आणि पुढचं बघायचं. 3 एसडीच्या बाहेर गेला की थांब. लागोपाठ दोन ठिपके एकाच बाजूला 2 एसडीच्या बाहेर गेले तरी थांब. हे वेस्टगार्डचे नियम, 1981 चे. तुला असे लोक भेटतील जे कंट्रोल आत येईपर्यंत तोच परत परत लावत बसतात आणि आत आला की हुश्श करून पुढे जातात. चांगले, अनुभवी लोक असतात ते, बाकी सगळं त्यांच्याकडून शिक, हे सोडून.

एक गोष्ट कुणी विचारत नाही पण मी विचारते. तुला पेशंटशी बोलायला आवडतं का? काउंटरवर घाबरलेल्या माणसाला बोलण्यात गुंतवून सुई टोचायची, ते हसतात, थँक्यू म्हणतात, हे लॅबच्या आत नसतं. तिथे तुला माणूस दिसत नाही, नंबर दिसतो. तासन्‌तास उभं राहणं, मशीनचा आवाज, फोनवर "रिपोर्ट कधी" म्हणून ओरडणारे. मला स्वतःला ते आवडतं, आत शांतपणे एखादी स्लाईड बघत बसणं, त्यात मलेरियाच्या जंतूची रिंग सापडणं आणि ते वॉर्डात पहिलं मी कळवणं, यात मला जे मिळतं ते काउंटरवर कधी मिळालं नसतं. पण सगळ्यांचं तसं नसतं, काही जणी वर्षभरात परत पेशंटसमोर गेल्या आणि खूश आहेत. त्यामुळे ॲडमिशनच्या आधी सुट्टीच्या दिवशी परवानगी काढून एक पूर्ण शिफ्ट लॅबमध्ये नुसती बसून काढ. सकाळची काढ, गर्दीची, दुपारची निवांत नको. संध्याकाळी घरी जाताना कसं वाटतंय ते बघ, आणि मगच घरी विषय काढ, कारण तेव्हा तुला नेमकं काय हवंय ते तुला सांगता येईल.

आणि हे याच आठवड्यात कर. हिपॅटायटिस बीची लस तुझी पूर्ण झालीय का ते कार्ड काढून बघ, तीन डोस असतात, पहिला, एक महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. इतकी वर्षं सुया हाताळतेयस म्हणजे झालीच असेल असं धरू नकोस, अटेंडंटची काउंटरवर बदली झाली की ही गोष्ट हमखास राहून जाते. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी टायटर, म्हणजे लस लागली का ते रक्तात बघायची टेस्ट करतात, तो 10 किंवा जास्त हवा. बऱ्याच ठिकाणी पोस्टिंगच्या आधी हा रिपोर्ट मागतात. डोस राहिला असेल तर ऑक्युपेशनल हेल्थला किंवा इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरना उद्याच भेट, सहा महिने तिथेच जातात.